गडावरची हाक

सह्याद्रीतील किल्ल्यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यात तट, बुरूज, पाण्याची टाकी, दारूगोळ्याची कोठारे आणि वेढ्यांच्या हकीकती यांचा परामर्श भरपूर घेतलेला आढळतो. पण किल्ला हे जसे लढण्याचे ठिकाण होते तसेच ते बोलण्याचेही ठिकाण होते, ही गोष्ट आपल्या इतिहासकारांनी जाता जाता सांगितली आहे. तिचा स्वतंत्र विचार क्वचितच कोणी केला असेल. उंच जागी उभे राहून दूरच्या माणसास काहीतरी कळविणे ही माणसाची फार जुनी गरज आहे. ती गरज या आपल्या मुलखात कोणकोणत्या साधनांनी भागविली गेली, आणि विशेषतः ती साधने कोणाच्या हाती होती, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अलीकडे काही तरुण पाठीवरच्या पिशवीत दोन-तीन किलो वजनाचे बिनतारी यंत्र घालून डोंगर चढतात, माथ्यावर तार ताणतात आणि ज्याची ओळखही नाही अशा माणसाशी चार वाक्ये बोलून खाली उतरतात. अनेकांस हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला तो तसा वाटत नाही. या छंदामागे साडेतीनशे वर्षांचा एक धागा आहे, आणि योगायोग असा की त्या धाग्याच्या बऱ्याच गाठी आमच्या हडपसरच्या आसपास पडलेल्या आहेत.

पहिली गाठ सर्वांच्या परिचयाची आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला. राजाराम महाराजांच्या काळी जिंजीस लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत असे आहे की, गड हाती आल्यावर पागेची घरे पेटवून देण्यात आली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. या प्रसंगातील शौर्याने आपण इतके भारावून जातो की त्यातील व्यवहाराकडे लक्ष जात नाही. कोंढाणा व राजगड यांमध्ये सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटरांचे अंतर आहे, परंतु पायवाटेने रात्री जावयाचे तर मध्ये खोरे उतरून पुन्हा चढावे लागते. जासूद धावला असता तरी पहाट झाली असती. दोन्ही माथे समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांच्या वर आहेत व एकमेकांस स्वच्छ दिसतात, म्हणून ज्या बातमीस रात्र लागली असती ती एका क्षणात पोचली. अर्थात ही बातमी म्हणजे एकच अक्षर होते. गड आला एवढेच त्या ज्वाळेने सांगितले. सेनापती पडला हे ती सांगू शकली नाही. ते सांगण्यास माणूसच जावा लागला.

पावनखिंडीची कथाही याच जातीची आहे. जुलै १६६० मध्ये महाराज विशाळगडी पोचल्यावर तोफांची इशारत व्हावयाची होती व तोवर बाजीप्रभूंनी खिंड धरावयाची होती, असे परंपरा सांगते. तपशिलाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण कल्पनेची जात स्पष्ट आहे. आधी ठरविलेला एक संकेत, उंच जागा, आणि दूर कान लावून बसलेला माणूस, या तीन गोष्टी असल्या म्हणजे निरोप होतो. यांपैकी एक जरी नसली तरी आवाज होतो, निरोप होत नाही.

याचे उदाहरण पाहावयाचे असल्यास हडपसरच्या माळावरच यावे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, येथे यशवंतराव होळकरांची फौज एका बाजूस आणि शिंदे व पेशवे यांची फौज दुसऱ्या बाजूस अशी लढाई झाली. सकाळी साडेनऊच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. दुसरे बाजीराव विजयाच्या खात्रीने वाड्याबाहेर पडले होते, पण तोफांचा गडगडाट ऐकून त्यांचे मन कचरले व ते दक्षिणेकडे वळले, असे ग्रँट डफ लिहितो. पराभवाची वार्ता येताच त्यांनी सिंहगड गाठला. तेथून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग व शेवटी वसई असा त्यांचा प्रवास झाला, आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहावर सही होऊन मराठी राज्याचे स्वातंत्र्य इंग्रजांकडे गहाण पडले. बाजीरावांच्या भित्रेपणावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे व ती वायफळ गेली असे मी म्हणणार नाही. परंतु एवढे ध्यानात घ्यावे की त्या सकाळी पुण्याच्या धन्यास आपल्या रणांगणाकडून जे मिळत होते ते नुसते आवाज होते. कोणाची तोफ, कोणावर, कोण मागे हटले, हे सांगणारी काही व्यवस्था तेथे असल्याचे दिसत नाही. ज्या राज्याच्या संस्थापकाने पेटलेल्या छपरांवरून बातमी वाचली, त्या राज्याच्या शेवटच्या पेशव्यास दोन कोसांवरची लढाई वाचता आली नाही.

इंग्रजांनी हा धडा आपल्याहून अधिक गांभीर्याने घेतला. १८५४ च्या सुमारास मुंबईकडून पुण्याकडे तारायंत्राची तार आली. तेव्हापासून निरोप एका अक्षराचा न राहता पूर्ण वाक्याचा झाला. पण तार जेथे नेता येत नाही तेथे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर १८६९ साली कराचीस निघाले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. इराणी आखाताच्या तारखात्यातील हेन्री मान्स नावाच्या अधिकाऱ्याने आरशावर सूर्याचा कवडसा धरून तो उघडझाप करण्याचे यंत्र केले. लांब व आखूड लखलखाटांनी मोर्स लिपीतील अक्षरे बनत. स्वच्छ हवेत तीस-चाळीस मैलांवर ती वाचता येत, आणि सर्व सामान एका माणसाच्या पाठीवर मावे. दुसऱ्या अफगाण युद्धात या हेलिओग्राफाने इंग्रज फौजांस मोठाच हात दिला. डोंगरावर सुटसुटीत यंत्र नेऊन तेथून बोलणे ही आजच्या छंदाची कल्पना येथे प्रथम पूर्णत्वास आलेली दिसते. फक्त ती छंद नव्हती, मोहीम होती. आणि १८८५ च्या तारखात्याच्या कायद्याने तर तारेने निरोप पाठविण्याचा हक्क सर्वस्वी सरकारचा आहे असे लिहूनच ठेवले. किल्लेदाराच्या हातची मशाल आता कायद्याच्या कलमात बंद झाली.

एवढ्यात बिनतारी विद्या जन्मास आली. तिच्या बाल्यावस्थेतही डोंगर आहेच. अमेरिकेतील माहलोन लूमिस या दंतवैद्याने १८६६ साली व्हर्जिनियातील दोन डोंगरांवरून पतंगाला तांब्याची तार बांधून एकीकडचा विद्युत्परिणाम दुसरीकडे जाणवला असा दावा केला. तो खरा मानावा की नाही याविषयी शंका आहे. मार्कोनीची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील ज्या टेकडीवर पतंगाच्या तारेने त्याने अटलांटिकपलीकडचे तीन ठिपके ऐकले तिचे नावच सिग्नल हिल. निशाणे व तोफा यांनी इशारत देण्याची ती जुनी जागा होती. नव्या विद्येने जुनाच बुरूज निवडला.

येथे थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे, कारण त्याविना डोंगर का चढावा हे कळणार नाही. बिनतारी लहरी सर्व एका स्वभावाच्या नसतात. मध्यमलहरी जमिनीला धरून चालतात. त्यांना सपाट, शक्य तर ओलसर भूमी मानवते. लघुलहरी वर जातात व वातावरणाच्या उंच विद्युद्भारित थरावरून परतून शेकडो-हजारो किलोमीटरांवर उतरतात. असा थर असावा हे हेविसाइड व केनेली यांनी १९०२ मध्ये सुचविले व १९२४ मध्ये ॲपल्टनने प्रयोगाने दाखविले. याच विषयावर कलकत्त्याचे शिशिरकुमार मित्र यांनी पुढे जगन्मान्य ग्रंथ लिहिला. तिसरा प्रकार अतिलघु लहरींचा. त्या प्रकाशासारख्या सरळ जातात. ज्यास डोंगर आड आला त्यास त्या मिळत नाहीत. सपाट माळावर उभ्या माणसाचे क्षितिज पाच किलोमीटरांच्याही आत असते. सिंहगडाचा माथा पुण्याच्या पठारापासून सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे. तेथून तेच क्षितिज शंभर किलोमीटरांच्या जवळ जाते, आणि लहरी किंचित वाकत असल्याने त्यांचे क्षितिज आणखी थोडे लांब पडते. शिवकाळी मशालीला लागू असलेला नियम आजच्या हातातील लहानशा यंत्रास जसाच्या तसा लागू आहे.

आमच्या भागाचा नकाशा समोर ठेवला तर हे तिन्ही प्रकार जणू प्रयोगशाळेत मांडल्यासारखे दिसतात. १९२७ साली हिंदुस्थान व इंग्लंड यांमधील लघुलहरींची बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे प्रेषणकेंद्र खडकीस व ग्राहककेंद्र दौंडास होते; दोन्ही सपाटीवर, कारण त्या लहरींस डोंगराची गरज नव्हती. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, आणि त्याचे मध्यमलहरी प्रक्षेपणकेंद्र हडपसरास, मुठा कालव्याने भिजणाऱ्या मुलखात उभे राहिले. सोलापूर रस्त्यावरील एका बसथांब्याला त्यामुळे ‘आकाशवाणी’ हे नावच पडून गेले. पुढे १९७३ मध्ये पुण्यास दूरदर्शन दाखवावयाची वेळ आली तेव्हा मात्र मनोरा न्यावा लागला तो सिंहगडावर. तानाजींच्या माणसांना जी जागा सोयीची वाटली तीच सरकारी अभियंत्यांनाही वाटली.

आतापर्यंतच्या या साऱ्या हकीकतीत किल्लेदार आहे, सेनापती आहे, कंपनी आहे, सरकारी खाते आहे. नाही तो साधा मनुष्य. तो प्रथम दिसतो तो कलकत्त्यास. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांस १९२१ साली हौशी बिनतारीचा परवाना मिळाला व त्याच वर्षी मुकुल बोस हे दुसरे परवानाधारक झाले, तेव्हा या देशात दोन खाजगी माणसे प्रथमच आकाशातून एकमेकांशी बोलली. १९२९ पासून हिंदी हौशींच्या संकेतनामाच्या आरंभी ‘व्ही यू’ ही अक्षरे आली. १९३० नंतरच्या दशकातही ही मंडळी पन्नासाच्या आत होती व त्यांत बहुतेक इंग्रज लष्करी अधिकारी. १९३३ च्या कायद्याने तर परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरले. त्याच वर्षी रटलेजच्या नेतृत्वाखालील एव्हरेस्ट मोहिमेने बिनतारी यंत्रे हिमालयात नेली. टॉम्सन व स्माइथ-विंडम या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी बर्फातून दार्जिलिंगशी बोलणे चालविले व कलकत्त्याहून येणारे हवामानाचे अंदाज चढणाऱ्यांना पोचविले. उंच पर्वतावर यंत्र वाहून नेता येते हे त्यावरून सिद्ध झाले. पण एतद्देशीय तरुणाने तसले यंत्र घेऊन सिंहगड चढण्याचे मनात आणले असते तर त्याची परत येण्याची वाट बहुधा येरवड्यावरून गेली असती.

हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. १९३९ मध्ये युद्ध पेटताच हौशींचे परवाने थांबले व प्रेषकयंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सुटले. १९४२ च्या ऑगस्टात ‘चले जाव’ची घोषणा झाली आणि वृत्तपत्रांची तोंडे बंद झाली, तेव्हा मुंबईत उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी इत्यादी तरुणांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. पोलिसांच्या शोधगाड्यांना चुकविण्यासाठी यंत्र या घरातून त्या घरात हलवावे लागे. सुमारे तीन महिने हा आवाज चालला. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी तो पकडला गेला. उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली व ती त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात काढली. १९४६ मध्ये त्या सुटल्या. येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. हे लोक डोंगरावर का गेले नाहीत? उंचीवरून आवाज दूर गेला असता हे त्यांच्या तंत्रज्ञांस ठाऊक असणारच. पण ज्या उंचीवरून आवाज दूर जातो त्याच उंचीवर तो कोठून येतो हेही सहज हुडकता येते. माथ्यावरून दुसरीकडे हलण्यास जागा नाही आणि मिसळून जाण्यास गर्दी नाही. चोरून बोलणाऱ्यास शहरातील चाळ बरी. डोंगर त्याच्या उपयोगाचा नाही. म्हणून सामान्य माणसास उघडपणे डोंगरावरून बोलता येणे, ही मला नुसती यंत्राची प्रगती वाटत नाही. ती राज्यव्यवस्थेतील पालटाची खूण वाटते.

तो पालट सावकाश झाला. १९४८ साली महू येथील लष्करी सिग्नल शाळेत हौशींची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तीच पुढे दिल्लीस गेली. १९७८ मध्ये हौशी सेवेचे नियम नव्याने करण्यात आले. परीक्षा द्यावी, परवाना घ्यावा, मग बोलावे, अशी पद्धत आहे व बारा वर्षांच्या मुलासही ती परीक्षा देता येते. १८८५ व १९३३ च्या कायद्यांची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा २०२३ साली संमत झाला. परवाना मात्र सुटलेला नाही, आणि तो सुटावा असे मला वाटतही नाही. आकाश हा सामाईक पाणवठा आहे. तेथे पाळी लागतेच. माझी तक्रार असलीच तर दिरंगाईची आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने परीक्षा दिली तेव्हा तो पदवीच्या पहिल्या वर्षात होता. परवाना हाती आला तेव्हा तो नोकरीस लागला होता.

डोंगर चढून बोलण्याच्या या छंदास आज जे नियमबद्ध रूप आहे ते इंग्लंड-वेल्समधून आले. तेथे २ मार्च २००२ रोजी ‘समिट्स ऑन द एअर’ हा उपक्रम सुरू झाला व मग अनेक देशांत पसरला. त्याचे नियम मला मोठे मार्मिक वाटतात. शिखराची अखेरची चढण मोटारीने करावयाची नाही. सामान स्वतः वाहून न्यावयाचे. तेलावर चालणारे वीजयंत्र वर्ज्य. माथ्याच्या खाली पंचवीस मीटरांपर्यंत बसण्यास हरकत नाही. तेथून एका माणसाशी जरी संभाषण झाले तरी शिखर जागविले असे मानतात; गुण हवे असतील तर निदान चार संभाषणे हवीत. कोणी पारितोषिकाचे पैसे देत नाही.

प्रत्यक्षात काय होते ते एकदा मी माझ्या त्याच विद्यार्थ्याबरोबर जाऊन पाहिले आहे. एक लहान यंत्र, एक बॅटरी, घडीची मासेमारीची काठी आणि वीस मीटर तांब्याची तार. काठी उभी करून तार दोन्ही अंगांस उतरती ताणली की चाळीस मीटर लहरींचे एरियल झाले. शक्ती केवळ पाच वॉट, म्हणजे घरातल्या झोपतानाच्या दिव्याइतकी. त्या शक्तीवर तो ‘सी क्यू’, म्हणजे जो कोणी ऐकत असेल त्यास, हाका मारीत होता. पाऊण तास केवळ खरखर. मग बंगळूरकडील एक वृद्ध गृहस्थ उत्तर देते झाले. परस्परांची संकेतनामे, आवाज कसा येतो त्याचा आकडा, जागेचे नाव, हवा, आणि निरोप. सारे दीड मिनिटात आटोपले. पोराच्या तोंडावरचा आनंद पाहून मला हसू आले खरे. पण जे घडले त्याचा अर्थ लावताना हसू ओसरले. ज्या डोंगरांवरून शतकानुशतके फक्त हुकूम, धोक्याची सूचना किंवा फत्तेची बातमी गेली, तेथून एक मुलगा ज्यात काहीच मतलब नाही असे बोलला, आणि त्याने कोणाची परवानगी चोरली नव्हती.

प्रत्येकाच्या खिशात फोन असता हे कशास हवे, असा प्रश्न येतो. तो अगदीच गैर नाही. फोनचे मनोरेही याच नियमाने टेकड्यांवर उभे असतात. पण मनोरा पडला किंवा त्याची वीज गेली की खिशातील फोन मुका होतो. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या हौशी संस्थेची एक तुकडी श्रीमती भारती प्रसाद यांच्याबरोबर अंदमानात निव्वळ छंदासाठी गेली होती. त्या बेटांवरून हौशींस बोलू देण्याची परवानगी अनेक वर्षांनी मिळाली होती. २६ तारखेस त्सुनामी आली, दळणवळण तुटले, आणि पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीकडे खुशालीचे निरोप याच छंदी माणसांच्या यंत्रांवरून जाऊ लागले. तथापि केवळ आपत्तीत उपयोग होतो म्हणून या छंदाची तरफदारी करणे मला पसंत नाही. तालमीत जाणारा प्रत्येकजण चोर पकडण्यासाठी जात नसतो.

पुण्यापुरते सांगावयाचे तर याची परिसीमा २२ जून २०१६ रोजी झाली. शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला ‘स्वयम्’ नावाचा, किलोभरही वजन नसलेला उपग्रह त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून पाचशे किलोमीटरांवरच्या कक्षेत गेला. हौशींचा निरोप एका ठिकाणी घ्यावा व दुसऱ्या ठिकाणी द्यावा हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक होते. क्षितिज वाढविण्यासाठी उंच जावे, या जुन्या युक्तीचाच तो विस्तार होता.

आता किल्ल्यांचा अभ्यासक या नात्याने एक रुक्ष सूचना. राजगड २०२५ च्या जुलैत जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेला आहे, आणि इतर गडांचे तटही काही कमी जुने नाहीत. तार ताणण्यासाठी चिऱ्यांच्या सांध्यांत खिळे ठोकणे, बुरुजाच्या जंग्यांतून दोऱ्या ओढणे, हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. काठीला तीन दोर लावून दगडांना बांधले की ती वाऱ्यातही उभी राहते. तटास हात लावण्याचे कारण पडत नाही. सिंहगडावर जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे की दूरदर्शनच्या मनोऱ्याजवळ बसल्यास यंत्रात गोंगाट फार येतो. कल्याण दरवाजाच्या अंगास थोडे दूर गेले तर बरे ऐकू येते, आणि हवा स्वच्छ असेल तर समोर राजगडाचा बालेकिल्लाही दिसतो.